मारत तर नाहीत ना

जळगावच्या त्या घरात फोन दिवसातून दोनदा वाजायचा, सकाळी अकराला आणि दुपारी तीनला. तिसरी घंटा संपायच्या आत तो उचलायचा, असा नियम होता. नियम कुणी भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण विमल मावशी कणकेनं भरलेल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत यायची तेव्हा तो दिसायचाच. "हो. हो, घरीच आहे. नाही, कुणी नाही. भाजी निवडतेय." एवढंच ती बोलायची. मग रिसीव्हर जागेवर ठेवून त्याला लागलेलं पीठ पदरानं पुसायची आणि थोडा वेळ तिथंच उभी राहायची. पलीकडून ऑफिसातून बोलणारे भास्कर काका असायचे. तेव्हा फोनसाठी लोक नंबर लावून वर्षं काढत. काकांनी तो ओळखीनं लवकर मिळवला होता. कॉलनीत त्यांच्याखेरीज कुणाकडेच फोन नव्हता. दुपारी माझ्या पुस्तकांतून मान वर करून मी मावशीला धावताना पाहायची आणि मला मनापासून वाटायचं, किती जीव आहे यांचा तिच्यावर. दिवसातून दोनदा आठवण येते.

मी दोंडाईच्याहून अकरावीला तिथं आले होते. वडील मी लहान असतानाच गेले. माय मिरचीच्या वखारीत देठं खुडायला जायची. सुगीत आमच्या गावात सगळीकडे लाल मिरचीचे ढीग पसरलेले असत आणि वाऱ्याची दिशा बदलली की अख्खा बाजार खोकत असे. मायच्या हातांची आग इतकी व्हायची की रात्री ती माझ्या केसांना तेलसुद्धा लावत नसे. तिला वाटायचं, आपल्या आंडेरच्या, लेकीच्या, डोळ्यांत जाईल. दहावीला मला चांगले गुण पडले, तसं तिनं धाकट्या बहिणीला पत्र टाकलं. उत्तर भास्कर काकांचंच आलं, वळणदार अक्षरात: 'उज्ज्वलाला पाठवा. तिला विज्ञान शाखेला घालू. आम्हाला मूलबाळ नाही, घर भरेल.' माय ते पत्र वखारीतल्या बायकांना वाचून दाखवत हिंडली. मी पॅसेंजरमध्ये बसले तेव्हा तिनं खिडकीतून एवढंच सांगितलं, "काका सांगतीन तसं ऱ्हाय."

काका सांगतील तसं राहणं मुळीच अवघड नव्हतं. तो माणूस आवाज चढवत नसे. पांढरा शर्ट, पायजम्याला इस्त्री, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. मला ते 'बेटा' म्हणायचे. तोवर मला बेटा कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मला भौतिकशास्त्राचं गाईड आणून दिलं, सायकल दुरुस्त करून दिली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच घराच्या कुलपाची दुसरी चावी माझ्या हातात ठेवली. माझं कॉलेज सकाळचं. मी सातला जायची, काका दहाला निघायचे. जाताना ते बाहेरून कुलूप लावत. "कॉलनी नवी आहे, चोऱ्या होतात. मावशीचा दुपारी डोळा लागतो," ते म्हणाले, "तू बाराला येशील तेव्हा उघडत जा." मावशी आत असायची. ती चावी मी लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती, आणि खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटायचा. घरानं आपल्याला मोठं मानलं, असं वाटायचं. घराला बाहेरून कुलूप आणि आत जिवंत माणूस, यात काही विपरीत आहे हे माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. सोळा वर्षांच्या, बापाविना वाढलेल्या मुलीला कुणी विश्वासानं चावी दिली की ती कुलपाकडे कशाला बघेल?

संध्याकाळी काका मला स्कूटरवर मागं बसवून मेहरूण तलावावर न्यायचे. मावशी कधी येत नसे. "तिला गर्दीत घाबरायला होतं," असं ते म्हणत. काठावर आम्ही भेळ खायचो. ते आधी माझ्या अभ्यासाचं विचारायचे, अगदी नीट, कोणता धडा झाला, कोणतं गणित अडलं. मग भेळेचा कागद घडी घालता घालता सहज म्हणायचे, "आणि मावशी? बरी होती ना आज? तिची मनाची तब्येत नाजूक आहे, बेटा. तुझं लक्ष असू दे." आणि मी सांगायची. शेजारच्या चौधरी काकू भरीत घेऊन आल्या होत्या. दोघी खूप हसल्या. मावशी रेडिओवरच्या गाण्याबरोबर गुणगुणत होती. मागच्या खिडकीतून ती कल्हईवाल्याशी बोलली, त्याचं गाव शिरपूरकडचं निघालं. मी भरभरून सांगायची, कारण ते इतकं मन लावून ऐकायचे. माझं बोलणं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

मग चौधरी काकू यायच्या बंद झाल्या. रेडिओ दुरुस्तीला गेला तो परत आला नाही. मागच्या खिडकीच्या गजांना आतून पत्रा ठोकला गेला, उन्हाच्या झळा येतात म्हणून. आणि काही दिवस असे यायचे की काका जेवायला बसायचे, मावशीनं वाढलेलं ताट बघायचे, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लसणाची चटणी, वाटीत डाळ, आणि पेलाभर पाणी त्या भरल्या ताटात शांतपणे ओतून उठायचे. ओरडणं नाही, शिवी नाही. त्यानंतर चार-चार, आठ-आठ दिवस तिच्याशी अबोला. माझ्याशी मात्र गोड बोलत. अशा दिवसांत मावशी घरात पाय न वाजवता चालायची. भांडं हातातून निसटलं तर ते जमिनीवर पडायच्या आधी तिच्या तोंडातून 'चुकलं' निघायचं. मी तिलाच दोष द्यायची. एवढ्या चांगल्या माणसाला ही सारखी नाराज का करते, असं माझ्या मनात यायचं. हे लिहायला नको वाटतं, पण लिहायला बसले आहे तर हे गाळून चालणार नाही.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. परवा तिची मैत्रीण घरी आली होती. ती चहा पिताना दर पाच मिनिटांनी मोबाइलवर आपण कुठे बसलो आहोत ते कुणाला तरी कळवत होती. "त्याला काळजी वाटते, काकू," ती हसून म्हणाली. मी चहा न पिता कप हातात तसाच धरून बसले. लेकीनं तो माझ्या हातातून काढून घेतला. तिला ही सारी हकिगत ठाऊक आहे.

पौष महिना असेल. मावशीची दाढ दुखायला लागली. आधी ती लवंग धरून राहिली, मग मिठाच्या गुळण्या, मग ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून गालाला लावायची. आठवड्यात गाल सुजला, पंधरवड्यात डावा डोळा बारीक झाला. भाकरी ती दुधात कुस्करून उजव्या बाजूनं गिळायची. ताप यायला लागला. "रविवारी नेतो," काका म्हणायचे. रविवार यायचा आणि काही तरी निघायचं. तिसऱ्या रविवारी मावशी धीर करून म्हणाली, "आज जाऊ या का? सहन होत नाही हो." आम्ही तिघंही पुढच्या खोलीत होतो. काका झोपाळ्यावरून उठले, तिच्यासमोर उभे राहिले आणि अगदी हळुवारपणे तिची हनुवटी हातात धरली. "बघू. कुठं दुखतं?" त्यांनी अंगठा सुजेवर ठेवला. "इथं?" आणि दाबला. मावशीचे डोळे पांढरे झाले. "की इथं?" पुन्हा दाबला, अधिक जोरानं, आणि तसाच धरून ठेवला. ती किंचाळली नाही. तिच्या घशातून एक बारीक आवाज आला, पाट्यावर वरवंटा घसरावा तसा. काकांचा चेहरा जराही बदलला नव्हता. तलावाच्या काठावर माझं ऐकताना तो जसा असायचा तसाच होता. "दंतवैद्य पुरुष असतात, विमल," ते म्हणाले, "तोंडात हात घालतात. तुला कळत नाही, म्हणून मला कळवावं लागतं." मग त्यांनी हात धुतला आणि मला म्हणाले, "चल बेटा, फिरून येऊ."

मी गेले. नाही म्हणायचं असतं हे मला कुठं माहीत होतं? भेळ समोर आली, ती मी नुसतीच चिवडत राहिले. त्यांनी विचारलं, "मावशीचं काय चाललंय हल्ली दुपारी?" आणि एकाएकी चौधरी काकू, रेडिओ, खिडकीचा पत्रा, पाणी ओतलेली ताटं, सगळं माझ्यासमोर ओळीनं उभं राहिलं. आदल्या दिवशी मी जे सांगितलं होतं, तेच दुसऱ्या दिवशी घरातून गेलं होतं. "काही नाही," मी म्हणाले. "झोपते." त्यांनी माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. पाण्यावर वारा होता आणि मला हुडहुडी भरली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी स्वयंपाकघरात मावशीजवळ बसले. ती पिठाच्या डब्यात हात घालून नुसतीच बसली होती. मी रडत म्हणाले, "मावशी, ते मला विचारतात. मी सगळं सांगायची. मला ठाऊक नव्हतं."

"माले माहीत शे," ती म्हणाली. माझ्याशी ती नेहमी शहरातली भाषा बोलायची. त्या दिवशी दोंडाईच्याची आपली बोली बोलली. "पहिल्या दिवशीपासून माहीत शे."

"मग मला बोलली का नाहीस?"

तिनं सुजलेल्या गालानं हसायचा प्रयत्न केला. "तू नसतं सांगितलं तर तुला परत पाठवलं असतं त्यांनी. तुझं शिक्षण राहिलं असतं. आणि..." ती थांबली. "दुपारी बाराला कुलूप उघडायचं ना तुझ्या हातानं. तेवढं बरं वाटायचं."

मी तिला दवाखान्यात चल म्हणाले. ती लगेच म्हणाली, "ते मारत नाहीत हं मला. तसं काही नाही." मी तसं काही विचारलंच नव्हतं. तरी तिनं ते दोनदा सांगितलं.

ठरवायला आम्हाला तीन दिवस लागले. मी अर्ध्यातून कॉलेज सोडून सव्वाअकराला घरी आले. अकराचा फोन होऊन गेला होता. मी कुलूप उघडलं, मावशीनं डोक्यावरून पदर घेतला आणि ती सिव्हिल हॉस्पिटलला जायला निघाली. सोबत मी जाऊ शकत नव्हते, तीनच्या फोनला कुणीतरी हवं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत ती भिंतीला लागून चालत गेली आणि तिथं थांबली. कोणत्या बाजूला वळायचं ते तिला आठवेना. पाच वर्षं ती त्या कॉलनीत राहत होती. मी लांबूनच हातानं खूण केली.

मग मी फोनसमोर बसले. त्याच्या डायलच्या एका भोकात पितळेचं लहानसं कुलूप होतं, त्यामुळे तो फक्त घेता यायचा, लावता यायचा नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बाहेर कुणाच्या तरी अंगणात बायका धान्य निवडत बोलत होत्या. पावणेबाराला फोन वाजला. ती वेळच नव्हती. मी दुसऱ्या घंटेला उचलला.

"बेटा? तू आलीस लवकर?"

"तास झाला नाही आमचा."

"मावशीला दे."

"मावशी... अंघोळीला गेलीय."

मग तोच मऊ आवाज. "मावशी सकाळी सहाला अंघोळ करते."

वीस मिनिटांत स्कूटरचा आवाज आला. काका आले, चपला नीट जोडून ठेवल्या आणि झोपाळ्यावर बसले. घर शोधलं नाही, काही विचारलं नाही. फडताळातून मोसंबी घेतली, सोलली, एकेक फोड साफ करून माझ्यासमोर ताटलीत मांडली. "खा." मी खाल्ली. "कुठं गेली?" "मला माहीत नाही." "बरं." झोपाळ्याची कडी एका लयीत करकरत होती. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुझी आई मिरच्या खुडते ना? फार वाईट काम. मला वाटायचं, तू तरी त्यातून सुटशील." ही धमकी होती हे मला तेव्हा नीट उमगलं नाही, पण पुढची फोड मी त्यांनी सांगायच्या आत उचलली. मावशीनं लवकर यावं असं वाटत होतं आणि कधीच येऊ नये असंही वाटत होतं.

ती अडीचला आली. तोंडात कापसाचा बोळा, पदरावर रक्ताचा डाग, हातात गोळ्यांची पुडी. ती दारातच थांबली. काका उठले, "दाढ काढली? बरं झालं," म्हणाले आणि तिला आत येऊ दिलं. मग माझ्याकडे हात पसरला. मी गळ्यातला दोरा काढून चावी त्यांच्या हातावर ठेवली. "उज्ज्वलाचा इथं अभ्यास होत नाही," ते म्हणाले. "रविवारी मी स्वतः तिला गाडीत बसवून देतो. तोपर्यंत कॉलेज नको." ते संध्याकाळपर्यंत घरीच थांबले. दुसऱ्या दिवशी दहाला निघाले तेव्हा बाहेर कडी वाजली, आणि आम्ही दोघी आत होतो.

त्या कुलपाआडून दिवस कसा दिसतो हे मला तेव्हा कळलं. मावशी रोज हेच पाहत होती. ती म्हणाली, हॉस्पिटलात दाढ काढल्यावर तिथल्या नर्सनं तिला विचारलं होतं, इतके दिवस का थांबलात? "मी म्हटलं, घरी विचारायचं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मागच्या फाटकाजवळ बायकांसाठी एक खोली आहे, तक्रारच करावी असं नाही, नुसतं बसून या. मी बसून आले, उज्जू. दहा मिनिटं. काहीच बोलले नाही. तिथल्या ताईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, पुन्हा या."

"मग जाऊ या," मी म्हणाले.

"कुठून?"

मी खाट ओढली, पत्र्याच्या वर बोटभर फट होती तिथं तोंड लावलं आणि चौधरी काकूंना हाका मारल्या. त्या आल्या, पण आधी खिडकीपासून लांबच उभ्या राहिल्या. त्यांना सांगितलं गेलं होतं की विमललाच त्यांचं येणं आवडत नाही. मी फटीतून सगळं सांगितलं. "काहून इतके दिवस बोलली नाही व माय," एवढं म्हणून त्या गेल्या आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन पुढच्या दाराशी आल्या. पहिला घाव बसला तेव्हा आमच्या दोघींच्या अंगावर काटा आला. सगळ्या कॉलनीला ऐकू गेलं असेल. दुसरा, तिसरा. कुलूप काही तुटेना, पण कडीचे खिळे चौकटीतून निसटायला लागले. आणि फोन वाजला. अकरा वाजले होते. मी मावशीकडे पाहिलं. ती आपसूक वळली, धावली आणि दुसऱ्या घंटेला उचलला. बाहेर काकू बत्ता उगारलेला तसाच धरून थांबल्या. "हो," मावशी म्हणाली. "हो, घरीच आहे. नाही, कुणी नाही. बरं." तिनं रिसीव्हर ठेवला. माझ्याकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "काकू, मारा."

तिनं सोबत नेसत्या लुगड्याशिवाय काही घेतलं नाही. मी दप्तर घेतलं.

हॉस्पिटलच्या मागची ती खोली लहान होती. दोन टेबलं, एक लाकडी बाक, कोपऱ्यात माठ. ताई पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मावशी बसली आणि तिनं पहिलं वाक्य तेच म्हटलं, "ते मारत नाहीत मला."

"मी ते विचारलं नाही," ताई म्हणाल्या. "घरात तुम्हाला भीती वाटते का?"

मावशीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग, "कधी कधी."

"आत्ता काय वाजले हे तुम्ही आल्यापासून तीनदा पाहिलंत. तीन वाजता काय होतं?"

त्यावर मावशी बोलायला लागली. सुरुवातीला तुटक तुटक, मग थांबता थांबेना. ताट, अबोला, कुलूप, आणि माहेरी जाणारी पत्रं, ज्यांचा मजकूर काका सांगत आणि ती लिहीत असे. 'सर्व कुशल' असं मायला आलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या तोंडचं होतं. ताई लिहून घेत होत्या, मध्ये एखादा प्रश्न विचारत होत्या, डोळे मोठे करत नव्हत्या की च्च च्च करत नव्हत्या. शेवटी त्यांनी पेन ठेवलं. "विमलबाई, अंगावर वळ नसला तरी हा छळच आहे. कायद्यातसुद्धा मनाच्या छळाला जागा आहे. आणि तुमची दाढ त्यांनी दाबली, तो मारच होता." मावशीनं हे ऐकलं आणि तिचे खांदे खाली आले. इतकी वर्षं ते वर ओढलेले होते, हे मला ते खाली आल्यावर दिसलं. मग ताईंनी मला विचारलं, तू काही सांगशील का? मी म्हणाले, मी काकांना मावशीच्या बातम्या द्यायची. मला वाटलं त्या कागद फाडतील. त्या म्हणाल्या, "तुला कुणी फसवलं ते आधी सांग. मग बाकीचं." मी चार पानं लिहून दिली.

काकांना बोलावणं गेलं तेव्हा ते इस्त्रीच्या शर्टात आले. आम्ही पलीकडच्या खोलीत होतो, आवाज ऐकू येत होता. "एक चापट मारली असेल तर दाखवा, ताई."

"घराला बाहेरून कुलूप कोण लावतं?"

"तिच्या सुरक्षेसाठी असतं ते."

"मग चावी आत हवी ना?"

त्यानंतर ते आपण सुपारीसुद्धा खात नाही यावर बरंच बोलले.

हे इथं संपलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही दोघी दोंडाईच्याला मायकडे आलो, आणि आमच्या घरी थोरले मामा आले. त्यांना सगळे नाना म्हणत. ओट्यावर बसून त्यांनी सारं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारत तर नाहीत ना?" मावशी मान खाली घालून नाही म्हणाली. "दारू?" नाही. "मग?" नाना वाईट नव्हते. त्यांच्याजवळ मोजायला एवढी दोनच मापं होती. त्यांच्या शब्दाखातर, ताईंच्या त्या खोलीत काकांकडून लेखी हमी घेऊन, मावशी एकदा परत गेली. महिनाभर फोन वाजला नाही, कुलूप लागलं नाही. मग एका दुपारी ताटात पाणी ओतलं गेलं, आणि मावशी उठली, चौधरी काकूंना सांगून सरळ स्टेशनवर आली. या खेपेला तिला रस्ता कुणी दाखवला नाही. नाना पुन्हा आले. तेव्हा माय वखारीतून नुकतीच आली होती, लाल झालेले हात तिनं अंगापासून दूर धरले होते. "मारस नही म्हनीसन मानूस चांगला व्हस का, नाना?" ती म्हणाली. "मनी बहीन शे ती. ती आठेच ऱ्हाई." ती इथंच राहणार, हे ऐकून नानांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि चहा न घेता गेले. दोन वर्षं ते आमच्या घराची पायरी चढले नाहीत.

माझं अकरावीचं वर्ष गेलं. पुढच्या साली मी दोंडाईच्यातच कला शाखेला बसले. विज्ञान राहिलं ते राहिलंच. पुढे शाळेत शिकवलं, आता निवृत्त व्हायला आले. मावशीनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम धरलं. तिच्या खटल्याचा निकाल कोर्टात लागायला फार काळ गेला, आणि त्यातलं सगळं काही मनासारखं झालं नाही. भास्कर काकांना त्यांच्या ऑफिसातली माणसं शेवटपर्यंत देवमाणूस म्हणत राहिली. या सगळ्यावर मी अजून पुरती शांत झालेली नाही. काही संध्याकाळी भेळेचा वास आला तरी मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते, कारण त्या काठावर मी खरोखरच सुखी होते.

मावशी परत आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली एक दुपार मात्र मला लख्ख आठवते. माय ओसरीवर कुरडयांचा चीक ढवळत होती, मी शेजारी पातेलं धरून बसले होते. मावशी आतून आली, चपला घातल्या आणि काहीच न बोलता दारातून बाहेर गेली. माय ढवळत राहिली. मी उठायला लागले तर तिनं डोळ्यांनीच बस म्हटलं. एक तास झाला, दीड तास झाला. मी दाराकडे बघत राहिले. कुरडया घालून झाल्या, ऊन भिंतीवरून उतरलं, तेव्हा मावशी आली. चपलांना धूळ होती, चेहरा उन्हानं तांबूस झाला होता. ती उंबऱ्याशी थांबली. आत आली नाही. तशीच उभी, दोन्ही हात पदरात, आमच्याकडे बघत. मला कळलं, ती वाट बघतेय. कुठं गेली होतीस, कुणाबरोबर, एवढा वेळ का, यांतलं काही तरी आता कुणी तरी विचारणार, आणि मग ती उत्तर देणार. उत्तर तिच्या ओठांवर तयार होतं, मला ते दिसत होतं.

माय पातेलं घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "चहा लेशी का?"

मावशी उंबऱ्यातच खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मायनं तिला रडू दिलं, आणि चुलीवर आधण ठेवलं.